दाणा आणि भूस : गॅमा किरणांची निवड

मंडळी, वळवाच्या पावसाचे दिवस असले आणि संध्याकाळी तुम्ही रेडिओ लावून बसलात, की एक अनुभव हमखास येतो. बातम्या चालू असतात, दूर कोठे तरी वीज चमकते, आणि रेडिओतून 'खर्रर्र' असा आवाज होऊन निवेदकाचे दोन-चार शब्द त्यात बुडून जातात. अशा वेळी घरातले कोणी तरी चटकन उठते आणि आवाज वाढवते. आवाज मोठा होतो खरा. पण खरखरही तेवढीच मोठी होते. बुडालेले शब्द काही वर येत नाहीत.

हीच अडचण आकाशाचा अभ्यास करणाऱ्या शास्त्रज्ञांपुढे फार मोठ्या प्रमाणावर उभी राहिली. फुटलेल्या ताऱ्यांकडून आणि त्याहूनही दूरच्या ठिकाणांहून गॅमा किरण आपल्याकडे येतात. त्यांची खूण जमिनीवर इतकी क्षीण उमटते आणि तिच्याभोवती इतर गोष्टींचा गलबला एवढा असतो, की नुसता दुर्बिणीचा आरसा मोठा करून भागत नाही. मोठ्या आरशात गलबलाही मोठाच येतो. मग करायचं काय? या प्रश्नाचे उत्तर सापडायला साडेतीन तपे जावी लागली नसतील, पण तीन तपे मात्र गेली. आणि ते उत्तर तुम्हा शेतकरी मंडळींना मुळीच नवे वाटणार नाही. दर हंगामात खळ्यावर तुम्ही तेच करीत असता.

मी कॉलेजात गणित शिकवतो. दुर्बिणीपाशी रात्र काढण्याचा योग मला आलेला नाही. पण या कामात हिशेबाचा जो भाग आहे तो मला फार मोलाचा वाटतो, आणि तोच आज तुमच्यापुढे मांडायचा विचार आहे.

प्रथम गॅमा किरण म्हणजे काय ते पाहू. आपल्या डोळ्यांना दिसणारा प्रकाश, हाडाचा फोटो काढताना वापरतात ते क्ष-किरण आणि हे गॅमा किरण ही सारी एकाच कुळातली भावंडे. प्रकाश सुट्या कणांनी येतो आणि प्रत्येक कणाजवळ थोडी ऊर्जा असते. ज्या गॅमा किरणांविषयी आपण बोलणार आहोत, त्यांच्या एकेका कणाजवळ दिव्याच्या प्रकाशकणापेक्षा शेकडो अब्ज पट ऊर्जा असते. एवढी ऊर्जा नुसत्या उष्णतेने येत नाही. तारा फुटल्यावर मागे राहिलेले अवशेष, कृष्णविवरांचा परिसर, अशा जेथे कणांना प्रचंड वेग मिळतो त्या जागीच असे किरण जन्म घेतात.

शास्त्रज्ञांना त्यांची एवढी ओढ का? त्याचे कारण असे. पृथ्वीवर विश्वकिरणांचा मारा अहोरात्र चालू असतो. ऑस्ट्रियाचे व्हिक्टर हेस यांनी १९१२ साली बलूनमधून पाच किलोमीटरांहून उंच जाऊन त्यांचा शोध लावला. नाव 'किरण' असले तरी विश्वकिरण म्हणजे बहुतांशी विद्युत्भार असलेले कण, म्हणजे प्रोटॉन आणि अणूंची केंद्रे. अवकाशात चुंबकीय क्षेत्र पसरलेले आहे. त्यात हे कण वळत, भरकटत येतात, आणि मूळचे कोठले हे कळायला मार्ग राहात नाही. गॅमा किरणावर विद्युत्भार नसतो. तो जेथून निघाला तेथून सरळ येतो. विश्वकिरण हे पत्ता पुसला गेलेले पत्र म्हणा, तर गॅमा किरण हे पाठवणाऱ्याचे गाव शाबूत असलेले पत्र. अडचण एवढीच, की हजारभर निनावी पत्रांच्या गठ्ठ्यात असे पत्र एखादे असते.

एक उदाहरण घेऊ. थंडीच्या दिवसांत रात्री तुम्ही रोहिणी पाहता. ती वृषभ राशीत आहे. त्याच वृषभाच्या एका शिंगाच्या टोकाशी, साध्या डोळ्यांना न दिसणारा एक तेजोमेघ आहे. त्याला खेकडा तेजोमेघ म्हणतात. १०५४ साली चीनमधील ज्योतिषांनी तेथे एक 'पाहुणा तारा' पाहिल्याची नोंद आहे. काही दिवस तो भर उन्हातही दिसत होता. तो एक तारा फुटला होता, आणि त्याचे अवशेष म्हणजे हा तेजोमेघ. आकाशातील गॅमा किरणांचे जे ठळक झरे आहेत त्यांपैकी हा एक. आता त्याच्याकडून अतिऊर्जेचे गॅमा किरण येतात तरी किती? एक चौरस मीटर जागा घ्या, म्हणजे एका माणसाला ऐसपैस मांडी घालून बसता येईल एवढी. तेवढ्या जागेवर सुमारे दोन महिन्यांतून एक! उपग्रहावरच्या उपकरणाला साधारण एवढीच जागा मिळते. म्हणून या कामासाठी उपग्रह अपुरा पडतो, आणि जमिनीवर यावे लागते.

पण जमिनीवर तर हे किरण पोचतच नाहीत. आपल्या डोक्यावरची हवा त्यांना अडवते. जीवसृष्टीच्या दृष्टीने हे उपकारच म्हणायचे. पण गंमत अशी की, ही अडवणारी हवाच शास्त्रज्ञांच्या कामी आली. गॅमा किरण हवेच्या वरच्या थरात शिरला की त्यापासून दोन कण निर्माण होतात, त्या दोहोंपासून पुन्हा नवे किरण, त्यांपासून पुन्हा कण, असे करीत हजारो कणांचा एक वर्षाव खाली येऊ लागतो. जमिनीपासून सुमारे दहा किलोमीटर उंचीवर तो ऐन भरात येतो आणि पुढे विरून जातो. या वर्षावातले कण हवेतल्या प्रकाशाहूनही जलद धावतात. हो, हे शक्य आहे. निर्वात जागेतल्या प्रकाशाला कोणी मागे टाकू शकत नाही. पण हवेत प्रकाश किंचित मंदावतो आणि तेथे कण त्याला गाठून पुढे जातो. भरधाव होडीच्या नाकापासून पाण्यावर दोन्ही बाजूंना जशी लाट फाकते, तसा अशा कणामागून निळसर प्रकाश फाकतो. रशियाचे पावेल चेरेंकॉव्ह यांनी १९३४ साली हा प्रकाश द्रवपदार्थात दाखवून दिला. १९५८ साली त्यांना, आणि त्याचे कोडे उलगडणाऱ्या फ्रँक व टाम यांना, नोबेल पारितोषिक मिळाले.

आता हिशेब पहा. एका गॅमा किरणाच्या वर्षावाचा हा प्रकाश जमिनीवर सुमारे १२० मीटर त्रिज्येच्या वर्तुळात पडतो. त्या वर्तुळाचे क्षेत्रफळ काढले तर ते जवळजवळ अकरा एकर भरते. या अकरा एकरांत दुर्बीण कोठेही असो, तिला तो वर्षाव दिसतो. म्हणजे एक चौरस मीटरच्या जागी एकदम अकरा एकरांचे शिवार हाताशी आले! खेकडा तेजोमेघाचा जो किरण दोन महिन्यांतून एकदा यायचा, तो आता सुमारे दोन मिनिटांतून एकदा येऊ लागला.

इतके झाले म्हणजे काम फत्ते, असे वाटेल. खरी कसोटी येथूनच सुरू होते. पीक अकरा एकरांत आले, पण त्याबरोबर तणही अकरा एकरांचे आले.

पूर्वी आमच्या घरी गहू कसा निवडला जाई ते मला आठवते. खळ्यावर वाऱ्याच्या तोंडाशी उभे राहून उफणणी होई, तेव्हा भूस उडून जाई. घरी आल्यावर चाळणीतून बारीक माती आणि कणी खाली पडे. आणि शेवटी आई ताटात गहू घेऊन बसे व गव्हाच्याच आकाराचा खडा डोळ्यांनी हुडकून काढी. भुसाला वारा, मातीला चाळण, खड्याला नजर. केराची जात ओळखल्याशिवाय त्याला काढायचे हत्यार ठरत नाही. दुर्बिणींचे अगदी तसेच आहे. त्यांच्या पिकात मुख्यतः तीन जातींचा केर येतो. पहिला आकाशाचा उजेड, दुसरा विश्वकिरणांचे वर्षाव, आणि तिसरा म्यूऑन नावाचे कण. एकेकाची गोष्ट क्रमाने पाहू.

अमावस्येची रात्र आपल्याला काळीकुट्ट वाटते, पण ती तशी नसते. तारे असतात, वरच्या हवेलाही स्वतःची मंद प्रभा असते. या सगळ्या उजेडात विश्वकिरणांमुळे होणारा प्रकाश दहा हजारांत एक भाग एवढाच असावा, असे इंग्लंडचे ब्लॅकेट यांनी १९४८ साली दाखवले. दहा हजारांत एक! तो वेगळा कसा काढायचा? १९५२ साली इंग्लंडमध्ये हार्वेल येथे गॅलब्रेथ आणि जेली या दोघांनी एक साधी युक्ती केली. एक कचऱ्याचा डबा घेतला, आतून काळा केला, तळाशी सुमारे २५ सेंटिमीटर व्यासाचा आरसा बसवला आणि त्याच्यासमोर प्रकाशाचे विजेत रूपांतर करणारी एक नळी ठेवली. डब्याचे तोंड आकाशाकडे केले. साधारण दर दोन मिनिटांनी त्यांच्या यंत्रात एक ठळक ठिणगी उमटू लागली.

ही ठिणगी दिसली याचे मर्म वेळेत आहे. आकाशाचा उजेड अखंड झिरपत असतो. वर्षावाचा प्रकाश मात्र पाच-दहा अब्जांश सेकंदांत येऊन संपतो. एका सेकंदाचे शंभर कोटी भाग केले तर त्यातला एक भाग म्हणजे अब्जांश सेकंद. तेवढ्या अवधीत प्रकाशसुद्धा जेमतेम एक फूट जातो. तेव्हा यंत्राचा डोळा तेवढ्याच अवधीपुरता उघडा ठेवला, तर आकाशाच्या उजेडाला आत यायला सवडच मिळत नाही, आणि ठिणगी तेवढी पुरती आत येते. हा झाला उफणणीचा वारा.

आजच्या दुर्बिणींत एका नळीऐवजी शेकडो नळ्या मधमाश्यांच्या पोळ्यासारख्या शेजारी शेजारी बसवलेल्या असतात, त्यामुळे वर्षावाचे चित्रच उमटते. तेथे आणखी एक नियम पाळतात. एका नळीची साक्ष ग्राह्य धरायची नाही. तिच्या शेजारच्या नळीनेही त्याच क्षणी उजेड पाहिला असला पाहिजे. चुकार ताऱ्याच्या प्रकाशाने एखादी नळी फसेल. पण लगतच्या दोन-तीन नळ्या एकाच क्षणी फसणे फार अवघड. एवढ्याने पहिल्या जातीचा केर बहुतेक उडून जातो.

दुसरा केर मात्र चिवट. विश्वकिरण हवेत शिरला की त्याचाही असाच वर्षाव होतो, त्यातूनही असाच निळा प्रकाश येतो, आणि तोही तितक्याच क्षणात संपतो. येथे वेळेचा वारा उपयोगी पडत नाही. हा केर म्हणजे गव्हाच्या आकाराचा खडा. आणि एका गॅमा किरणामागे असे खडे शेकडो ते हजार. १९६०च्या सुमारास क्रिमियाच्या किनाऱ्यावर चुडाकॉव्ह आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी बारा आरसे लावून खेकडा तेजोमेघ आणि इतर काही जागा काही वर्षे पाहिल्या. त्यांना एकही झरा सापडला नाही, आणि त्यांनी तसे सरळ लिहून टाकले. पुढे १९६८ साली अमेरिकेत ॲरिझोनातील माउंट हॉपकिन्स या डोंगरावर दहा मीटर व्यासाचा मोठा आरसा उभा राहिला. तरीसुद्धा निःसंशय म्हणावे असे काही वर्षानुवर्षे हाती लागेना. रेडिओचा आवाज मोठा झाला होता, आणि खरखरही.

मार्ग सापडला तो खडा ओळखण्याच्या नजरेत. गॅमा किरणाचा वर्षाव नीटस, सडपातळ असतो. प्रोटॉनचा वर्षाव तसा नसतो. प्रोटॉन हवेतल्या अणुकेंद्रावर आदळला की अनेक तुकडे आडवेतिडवे फेकले जातात आणि प्रत्येक तुकडा आपापला लहान वर्षाव काढतो. त्यामुळे त्याचे चित्र पसरट, फाटके, ठिगळाठिगळांचे दिसते. गॅमा किरणाचे चित्र बारीक, लांबट, गव्हाच्या दाण्यासारखे. आणि त्या दाण्याची लांबी ज्या दिशेला असते ती रेषा झऱ्याच्या जागेकडे रोख धरून असते. विश्वकिरणांच्या चित्रांचा रोख मात्र वाटेल तिकडे. इंग्लंडमधील लीड्स विद्यापीठाचे मायकेल हिलास यांनी १९८५ साली गणकयंत्रावर अशा हजारो वर्षावांची नक्कल करून सांगितले, की चित्राची रुंदी, लांबी आणि रोख एवढीच मापे घ्या; त्यावरून दाणा कोणता आणि खडा कोणता हे बहुतांशी ठरवता येईल.

माउंट हॉपकिन्सवर ट्रेव्हर वीक्स आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी ही मापे वापरली. आता त्यांच्या आरशापुढे ३७ नळ्यांचे पोळे होते. त्यांनी शंभरांतले अठ्ठ्याण्णवांहून अधिक खडे वेगळे काढले, आणि १९८९ साली खेकडा तेजोमेघाकडून गॅमा किरण येत असल्याचे निर्विवाद सिद्ध केले. आरसा उभा राहून एकवीस वर्षे झाली होती. आरसा तोच होता. बदलली ती निवडण्याची रीत.

आता तिसरा केर, म्यूऑन. विश्वकिरणांच्या वर्षावातून निघणारा हा कण थेट जमिनीपर्यंत पोचतो. तो दुर्बिणीच्या आरशावरच आला तर त्याच्या प्रकाशाचे चित्र बांगडीसारखे गोल उमटते आणि चटकन ओळखू येते. पण जरा बाजूने गेला तर बांगडीचा लहानसा तुकडाच दिसतो, आणि तो तुकडा हुबेहूब गॅमा किरणाच्या दाण्यासारखा बारीक आणि लांबट असतो. येथे नजरही फसते. मग काय करायचे? साक्षीदार वाढवायचे. म्यूऑनचा प्रकाश त्याच्या मार्गाच्या अगदी जवळपासच पडतो. शंभर मीटरांवरच्या दुसऱ्या दुर्बिणीला तो दिसत नाही. वर्षावाचा प्रकाश मात्र अकरा एकरांवर पडतो, म्हणून दोघींनाही दिसतो. तेव्हा ज्या ठिणगीला किमान दोन दुर्बिणींची एकाच क्षणाची साक्ष आहे तीच घ्यायची, की म्यूऑनांचा केर जवळजवळ संपतो.

अटलांटिक महासागरातील ला पाल्मा बेटावर १९९०नंतरच्या दशकात पाच दुर्बिणींच्या 'हेग्रा' मालिकेने ही रीत करून दाखवली. पुढे आफ्रिकेतील नामिबिया देशात, सुमारे १,८०० मीटर उंचीच्या पठारावर चार दुर्बिणी १२० मीटर बाजूच्या चौकोनाच्या चार कोपऱ्यांवर उभ्या राहिल्या. पहिली २००२ साली सुरू झाली, आणि २००३ अखेर चारही. प्रत्येकीत ९६० नळ्या. २०१२ साली मधोमध २८ मीटर व्यासाची पाचवी आली. चार जागांहून पाहण्याचा दुसराही लाभ आहे. दोन बांधांवरून एकाच झाडाकडे दोऱ्या ताणल्या तर त्या जेथे मिळतात तेथे झाड असते, हे जमीन मोजणाऱ्याला ठाऊक असते. तशाच चार चित्रांच्या रेषा जेथे मिळतात तेथून किरण आला. चंद्रबिंबाच्या पाचव्या हिश्शाएवढ्या बारकाईने ही दिशा सांगता येते. ज्याची दिशा झऱ्याशी जुळत नाही तो आपोआप बाहेर.

या मालिकेचे नाव 'हेस'. विश्वकिरणांचा शोध लावणाऱ्या व्हिक्टर हेस यांच्या स्मरणार्थ ते योजले आहे. ज्यांनी विश्वकिरण शोधले त्यांच्या नावाची दुर्बीण विश्वकिरणांनाच केर म्हणून बाजूला काढते, हा योग मोठा मजेदार आहे. आणि केर तरी सगळा टाकाऊ असतो असे नाही. म्यूऑनच्या पुऱ्या बांगडीत किती प्रकाश असायला हवा हे गणिताने आधीच काढता येते. तेव्हा प्रत्यक्ष बांगडीतला प्रकाश मोजून आरसा धुळीने किती मंदावला, नळ्या किती थकल्या, हे शास्त्रज्ञ पडताळून पाहतात. एके ठिकाणचा केर दुसरीकडे मापाचा शेर होतो!

इतके करूनही शेवटी थोडे खडे दाण्यांत उरतातच. आता नजर संपली. येथून पुढे मोजणी. शाळेतल्या गुरुजींना आणि बाईंना माझी विनंती आहे, की पुढचा भाग मुलांकडून करून घ्यावा.

एक नाणे शंभर वेळा उडवा. समजा, छाप ५५ वेळा आली आणि काटा ४५ वेळा. नाण्यात खोट आहे काय? फरक १०. एकंदर बेरीज १००, तिचे वर्गमूळ १०. फरकाला वर्गमूळाने भागा, उत्तर १. एवढा फरक नुसत्या योगायोगाने नेहमीच पडतो. नाण्याला दोष देऊ नये. आता तेच नाणे हजार वेळा उडवून छाप ५५० आणि काटा ४५० आला तर? फरक १००, हजाराचे वर्गमूळ सुमारे ३२, भागाकार तीनहून थोडा जास्त. आता संशय घ्यायला जागा आहे.

दुर्बिणीवाले हेच करतात. झऱ्याकडे रोखून जितका वेळ पाहायचे, तितकाच वेळ शेजारच्या, जेथे काही नाही अशा रिकाम्या आकाशाकडेही पाहायचे. समजा, झऱ्याकडे १,००० ठिणग्या मिळाल्या आणि रिकाम्या जागी ९००. फरक १०० आला म्हणून नाचायचे नाही. बेरीज १,९००, तिचे वर्गमूळ सुमारे ४४, भागाकार फार तर सव्वादोन. हे काही सिद्ध झाले नाही. आता निवड करा. समजा, आपली चाळण १०० खड्यांतले ९८ काढून टाकते. पण ती इतकी कडक आहे की निम्मे दाणेही तिच्यात जातात. रिकाम्या जागी ९००पैकी उरले १८. झऱ्याकडे ते १८ अधिक ५० दाणे, म्हणजे ६८. फरक ५०. बेरीज ८६, तिचे वर्गमूळ सव्वानऊ, भागाकार साडेपाचच्या जवळ! अर्धे धान्य गेले, पण जे उरले त्याबद्दल आता खात्रीने बोलता येते. हे आकडे मी समजावण्यापुरते घेतले आहेत. खऱ्या कामात खडे याहून पुष्कळ जास्त असतात. १९८३ साली ली आणि मा या दोन चिनी शास्त्रज्ञांनी याहून काटेकोर सूत्र दिले, ते आजही वापरात आहे. भागाकार पाच आल्याशिवाय नवा झरा सापडला असे म्हणू नये, असा संकेत आहे. माउंट हॉपकिन्सवर तो नऊ आला होता.

पण मंडळी, गणित बरोबर असूनही माणूस फसू शकतो. चाळणीची भोके किती मोठी ठेवायची हे धान्य पाहिल्यावर ठरवले, तर हवे ते उत्तर काढता येते. भोक थोडे लहान केले, उत्तर नाही आले. थोडे मोठे केले, आले. की 'सापडले, सापडले' म्हणून हाकाटी! दहा जागा पाहायच्या आणि ज्या एका जागी योगायोगाने फरक पडला तेवढीच सांगायची, हाही त्यातलाच प्रकार. १९८३ साली जर्मनीतील कील येथून असे जाहीर झाले, की हंस तारकासमूहातील 'सिग्नस एक्स-३' या जोडताऱ्याकडून अतिऊर्जेचे किरण येत आहेत. मागोमाग इतर ठिकाणांहूनही तशी वृत्ते येऊ लागली. पुढे याहून मोठ्या आणि बारकाईच्या उपकरणांनी वर्षानुवर्षे पाहिले, तेव्हा तेवढ्या जोराची खूण त्यांना सापडली नाही. यात कोणी लबाडी केली असे नव्हे. खरखरीत ओळखीचा सूर ऐकू आल्याचा भास कोणालाही होतो. म्हणून आता चाळण आधी ठरवतात, गणकयंत्रावरच्या नकली वर्षावांवर पारखून घेतात, आणि मगच खऱ्या नोंदी तिच्यातून काढतात. अलीकडे ही चाळण ठरवायलाही गणकयंत्रच शिकते. हजारो दाणे आणि खडे दाखवून त्याला तयार करतात. पण रिकाम्या आकाशाशी ताडून पाहण्याचा नियम त्यालाही चुकत नाही.

या कामात आपल्या देशाचाही वाटा आहे. मुंबईच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेने मध्य प्रदेशात पचमढी येथे पंचवीस दुर्बिणींची मालिका मांडली होती. मुंबईच्याच भाभा अणुसंशोधन केंद्राने राजस्थानात माउंट अबू येथे 'टॅक्टिक' ही दुर्बीण उभारली. तिच्यात ३४९ नळ्या आहेत. लडाखमधील हानले येथे सात दुर्बिणींची 'हगार' मालिका २००८ साली सुरू झाली. तेथेच, समुद्रसपाटीपासून सुमारे ४,३०० मीटर उंचीवर, भाभा केंद्राच्या 'मेस' या २१ मीटर व्यासाच्या दुर्बिणीचे ४ ऑक्टोबर २०२४ रोजी उद्घाटन झाले. तिच्यात १,०८८ नळ्या आहेत. एवढ्या उंचीवर जायचे कारण असे, की वर्षाव जितका जवळ तितका त्याचा प्रकाश दाट, आणि कमी ऊर्जेचा किरणही दिसण्याची आशा. शिवाय तेथला अंधार अस्सल आहे. २०२२ साली हानलेचा परिसर अंधाऱ्या आकाशासाठी राखीव म्हणून जाहीर झाला. माणसाने लावलेला दिवा हाही दुर्बिणीच्या दृष्टीने केरच. तो काढायला मात्र गणित लागत नाही, शेजाऱ्यांचा समंजसपणा लागतो.

१९८९ साली एक झरा निःसंशय ठरला होता. आज जमिनीवरील उपकरणांनी निश्चित केलेल्या झऱ्यांची संख्या अडीचशेच्या वर गेली आहे. त्यांतल्या प्रत्येकामागे हीच रीत उभी आहे. केराची जात ओळखायची, एकट्यादुकट्या साक्षीवर विसंबायचे नाही, रिकामी जागाही तितक्याच मनोभावे पाहायची, आणि चाळण आधी ठरवून मग तिच्यातून जे येईल ते मान्य करायचे. आपल्याकडे बाजारभावाची बातमी येते, औषधाची येते, कोणा बुवाच्या चमत्काराची येते. 'अमक्याला गुण आला' असे कोणी सांगितले, तर 'ज्यांनी ते घेतले नाही त्यांतल्या कितींना आला?' एवढे विचारावे. ते रिकामे आकाश पाहण्यासारखेच आहे.

थंडीत एखाद्या रात्री अंगणात उभे राहून रोहिणीकडे पाहाल, तेव्हा तिच्या जवळच्या त्या शिंगाच्या टोकाकडेही जरा पहा. डोळ्यांना तेथे काही दिसणार नाही. पण तुमच्या शिवारावरच्या हवेत तिकडून येणारा गॅमा किरण दर दोन-चार मिनिटांनी आपली निळी ठिणगी टाकून जात असेल, आणि तिच्याभोवती शेकडो खडे पडत असतील.